नव्या घराचा कठडा आणि मंडळीची मोटार

पाठासाठी शास्त्रभाग : अनुवाद २२:८, निर्गम २१:३३-३४, लूक १४:२८-३०, स्तोत्र २४:१

शिक्षक बंधुभगिनींनी वरील शास्त्रभाग प्रथम घरी शांतपणे वाचावेत आणि मगच हा पाठ हाती घ्यावा, अशी विनंती आहे. विषय थोडा निराळा वाटेल. मोटार विकत घेण्याविषयी शास्त्रपाठ कशाला, असे कोणी म्हणेल, आणि आम्हांसही आरंभी तसेच वाटले होते. परंतु निपाणी भागातील आमच्या लहानशा मंडळीत हाच प्रश्न पाच महिने चालला. त्यापायी कमिटीच्या दोन सभा रात्री उशिरापर्यंत लांबल्या, आणि एक जुने स्नेही काही आठवडे आमच्याशी बोलेनासे झाले. ज्या गोष्टीवरून माणसे एवढी तापतात ती गोष्ट शास्त्राच्या प्रकाशात ठेवून पाहणे बरे.

आमच्या मंडळीजवळ २०११ सालची एक डिझेल जीपगाडी होती. निपाणीस रेल्वे नाही. आमची कुटुंबे संकेश्वर, चिकोडी ह्या बाजूंच्या खेड्यांत विखुरलेली, आणि काही घरे तर सीमेपलीकडे कागल तालुक्यात. पाळकसाहेबांना रविवारी दोन ठिकाणी उपासना घ्यावयाची असते. शिवाय आजाऱ्यास बेळगावास किंवा कोल्हापुरास न्यावयाचे काम असतेच. महिन्याकाठी सातशे किलोमीटर तरी गाडी फिरे. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२६ मध्ये पुरी व्हावयाची होती. पुढे तपासणी करून पाच वर्षांचे नूतनीकरण मिळू शकते; पण गाडी घाटात काळा धूर ओके, आणि दर पावसाळ्यात तिच्यावर खर्च होई. तेव्हा नवी गाडी घ्यावी असे ठरले व निधी सुरू झाला.

मते लगेच दोन झाली. एक पक्ष म्हणे, सात माणसांची मोठी उंच गाडी घ्यावी. मंडळीला शोभेल आणि लग्नकार्याला उपयोगी पडेल. दुसरा पक्ष म्हणे, लहान गाडी घ्यावी, तेल कमी पिते. ह्या दुसऱ्या पक्षाचे बोलणे पैशाचे होते. हवेचे, पाण्याचे नाव कोणी काढले नव्हते. ते काढले आमच्या एका मावशींनी, आणि त्याही अगदी निराळ्या वाटेने.

मावशींचे उभे आयुष्य आधी तंबाखूच्या वखारीत आणि नंतर विड्या वळण्यात गेले. त्यांनी निधीला पाचशे रुपये पाकिटात घालून आणून दिले आणि जाता जाता विचारले, "आम्हां बायकांना आता सरकारी बस फुकट आहे. मी तर बसनेच फिरते. मग ही गाडी नक्की कोणासाठी घेता?" कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे, हे सर्वांस ठाऊकच आहे. मावशींनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यावयाचे होते. आम्हांस मात्र उत्तर सुचले नाही.

त्या रात्री आम्ही अनुवादाचा बाविसावा अध्याय काढला. तो का काढला हे सांगता येत नाही. कदाचित तरुण संघात तो चालू होता म्हणून. तेथे नवे घर बांधणाऱ्यास एक लहानसा नियम दिला आहे : धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. त्या देशात धाबे म्हणजे नुसते छप्पर नव्हते. राहाबेने तागाची काडे धाब्यावर पसरली होती (यहोशवा २:६), आणि पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला (प्रे. कृत्ये १०:९). येणारे-जाणारे, शेजारी, पोरेबाळे वर जात. म्हणून नियम असा की घर तुझे असले तरी त्यापासून दुसऱ्यास होणारी इजा हीही तुझीच. ती होण्याच्या अगोदर, बांधतानाच, स्वतःच्या खर्चाने तिचा बंदोबस्त कर. निर्गमातील खड्ड्याचा नियम ह्याच जातीचा आहे. खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला तर भरपाई खणणाऱ्याने द्यावयाची. मी मुद्दाम पाडला नाही, ही सबब तेथे चालत नाही.

मोटारीला हा नियम लावून पाहा. गाडीत बसणारे चार, पण तिच्या धुराला चौकट नाही. तवंदी घाटात जीप चढताना मागून दुचाकीवर जो मजूर येत असे, त्याने आमच्या निधीत काही दिले नव्हते आणि आमच्या उपासनेलाही तो येत नव्हता. त्याच्या छातीत मात्र आमचा धूर जात होता. पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे, असे आपण स्तोत्रात वाचतो. त्या सर्वात तो मजूर येतो आणि हवाही येते.

आता धुराचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे न केल्यास सगळा हिशेब चुकतो. एक धूर जवळच्यास बाधतो : काजळी, नायट्रोजनचे वायू. दुसरा, कार्बन वायू, डोळ्यांना दिसत नाही. त्याने शेजाऱ्यास खोकला येत नाही, पण तो वर साठून पृथ्वीची ऊब वाढवितो.

पहिल्या प्रकारात सरकारी नियमांनी बराच फरक पडला आहे. आमची जीप भारत स्टेज ३ ची. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ च्याच नव्या गाड्या विकल्या जातात. इंधनातील गंधक स्टेज ४ मध्ये दशलक्ष भागांत ५० भागांपर्यंत चाले, ते आता १० वर आणले आहे. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे किती काजळी सोडावी याची मर्यादा स्टेज ४ मध्ये २५ मिलिग्रॅम होती, ती साडेचार मिलिग्रॅम झाली. तेव्हा ह्या बाबतीत जुनी डिझेल गाडी आणि नवी गाडी यांत थोडाथोडका फरक नाही.

दुसऱ्या प्रकाराचा हिशेब मात्र सरळ तेलाचा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन वायू होतो, आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो. लिटरपेक्षा वायूचे वजन जास्त कसे, असे मुले हमखास विचारतात. हवेतील प्राणवायू त्याला येऊन मिळतो म्हणून. जेवढे तेल तेवढा वायू; त्यात कोणत्याही कंपनीची युक्ती चालत नाही. गाडी हलकी असेल तर तेल कमी लागते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तेव्हा तिचे वजन साधारण साडेसहाशे किलो होते, आणि चार माणसांचे कुटुंब तीत बसून गावोगाव जात असे. आज चार माणसांना न्यावयास बाराशे किलो लोखंड लागते असे आपणांस का वाटू लागले, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

लूक १४ मध्ये बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आम्हीही वही घेऊन बसलो. जीप लिटरला ११ किलोमीटर देत होती. वर्षाला ८,४०० किलोमीटर म्हणजे सुमारे ७६४ लिटर डिझेल आणि दोन टनांहून थोडा अधिक वायू. लहान पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यांवर खरोखरी १८ देईल असे धरले, तर ४६७ लिटर आणि साधारण १,०७० किलो वायू. वर्षाला जवळजवळ एक टन वाचतो. पण नवी गाडी आकाशातून पडत नाही. लोखंड वितळविणे, काच, रबर, प्लास्टिक या सर्वांत एक लहान गाडी तयार होईपर्यंत चार ते सहा टन वायू आधीच सुटलेला असतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाच टन धरले तर पाच वर्षांत ते कर्ज फिटते आणि पुढची वर्षे निव्वळ बचतीची. मंडळीच्या गाडीसाठी हा व्यवहार योग्य होता.

हाच हिशेब आम्ही आपल्या घरच्या गाडीला लावला आणि उत्तर उलटे आले. आमची स्वतःची २०१२ ची लहान पेट्रोल गाडी आहे. ती १५ किलोमीटर देते आणि वर्षाला तीन हजार किलोमीटरच फिरते. म्हणजे २०० लिटर. वीस देणारी नवी गाडी घेतली असती तर ५० लिटर वाचले असते, म्हणजे ११५ किलो वायू. पाच टनांचे कर्ज फेडावयास त्रेचाळीस वर्षे! घरात नव्या गाडीची बोलणी चालली होती आणि पर्यावरणासाठी घेत आहोत असे आम्ही चारचौघांत बोलूनही चुकलो होतो. तो शब्द मागे घ्यावा लागला. जुनी गाडी नीट सर्व्हिसिंग करून, टायरमध्ये हवा बरोबर ठेवून, पी.यू.सी. वेळेवर करून चालवीत आहोत. मुलीचा हिरमोड झाला, हे लपवीत नाही.

तेव्हा लहान गाडी चांगली की वाईट, असा मोघम प्रश्न विचारू नये. वर्षाला किती फिरणार, कोणत्या गाडीच्या जागी येणार आणि किती माणसे वाहणार, हे तीन आकडे मागावेत. आणखी एक फसगत सांगण्यासारखी आहे. दुकानात आपण अ‍ॅव्हरेज विचारतो : वीस देते की चोवीस? चार किलोमीटरचा फरक मोठा वाटतो. शंभर किलोमीटरला किती तेल लागते ते मात्र कोणी पाहत नाही. वीसवाली पाच लिटर घेते आणि चोवीसवाली चार लिटरांहून किंचित जास्त. बचत पाऊण लिटरांहून थोडी अधिक. पण दहा देणारी जुनी गाडी जाऊन तेरा देणारी आली तरी शंभर किलोमीटरला सव्वादोन लिटरांहून अधिक वाचते. फरक तीनचाच, पण बचत जवळजवळ तिप्पट. मोठ्या मुलांच्या वर्गात फळ्यावर हे गणित जरूर मांडावे. आमच्या वर्गात एका आठवीच्या मुलाने ते कमिटीपेक्षा लवकर सोडविले.

शिवाय माहितीपत्रकातील अ‍ॅव्हरेज हे प्रयोगशाळेतील रुळांवर, ठरलेल्या वेगाने काढलेले असते. एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यास ते उपयोगी. आपल्या खिशाचा अंदाज करण्यास नव्हे. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, तीन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा तशीच भरावी आणि भागाकार करावा. असे तीनदा केले की खरा आकडा कळतो.

इंधनाच्या निवडीवर सभेत बराच वेळ गेला. सी.एन.जी.चा वायू पेट्रोलपेक्षा पाचवा हिस्सा तरी कमी सुटतो आणि काजळी जवळजवळ नाही. परंतु टाकीने डिकी भरते. आणि पाळकसाहेबांच्या डिकीत गीतपुस्तके, पेटी, कधी एखाद्या विधवेचे धान्याचे पोते असते. विजेच्या गाडीची तरुण संघाने बाजू घेतली. गावातल्या गल्लीत तिचा धूर अजिबात नाही, हे फार मोठे आहे. पण आपली वीज अजून बहुतांशी कोळशाची. देशाच्या सरासरी विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो वायू धरतात, म्हणून लहान विजेची गाडी किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास पडते आणि अठरा देणारी पेट्रोल गाडी १२८ च्या आसपास. फरक आहे, आणि छपरावर सूर्याची वीज घेणाऱ्यास तो पुष्कळच मोठा होईल. वर्षागणिक ग्रिडही सुधारेल. मात्र बॅटरी तयार करतानाचा वायू जास्त आणि किंमत आमच्या निधीबाहेरची. ज्यांचे रोजचे फिरणे गावातच आणि पुष्कळ आहे त्यांनी ह्या गाडीचा अवश्य विचार करावा.

इथेनॉलविषयी आमच्या भागात बोलताना जपून बोलावे लागते, कारण मंडळीतील निम्म्या घरांचा ऊस कारखान्याला जातो. आता पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ऊस पिकविणाऱ्याला त्याचा आधार आहे हे खरे. बाहेरून येणारे तेल तेवढे कमी लागते, हेही खरे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटू शकते, आणि उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी ह्या नद्यांच्या काठी राहणाऱ्याने हा दुसरा आकडा उन्हाळ्यात वाचावा. म्हणून गाडी घेताना ती वीस टक्क्यांसाठी बनविलेली आहे की नाही हे विचारून घ्यावे, आणि इथेनॉल आहे म्हणजे हवे तेवढे फिरावे असे समजू नये.

पाणी उन्हाळ्यातच आठवते असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि कोल्हापूर-बेळगाव वाहतूक थांबली. आमच्या जीपच्या धुराने पूर आला असे कोणी म्हणणार नाही, आणि आम्ही म्हणू दिले तरी ते खोटे ठरेल. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाफ धरते, एवढे शास्त्रज्ञ सांगतात. त्यात आपला वाटा कणभर आहे. पण कणभर आहे म्हणून तो दुसऱ्या कोणाचा होत नाही.

थोडे सीमाभागातील सवयीविषयी. दोन राज्यांच्या पेट्रोलच्या दरात दोन-तीन रुपयांचा फरक पडला की पलीकडची मंडळी इकडे टाकी भरावयास येतात. जाता-येता वाटेवर असेल तर ठीक. मुद्दाम येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर करणाऱ्याने तीस लिटरवर नव्वद रुपये वाचविले आणि त्यासाठी दोन लिटरांहून अधिक पेट्रोल जाळले. दोनशे रुपये गेले! तवंदी घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही पुष्कळ आहेत. जुन्या कार्बोरेटरच्या काळातील ही सवय तेव्हाही धोक्याची होती. आताच्या गाड्यांत, गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिनाला जाणारे तेल बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास तेल लागते. म्हणजे ब्रेकही तापतात आणि तेलही जाते. आणि महामार्गावर ऐंशीच्या वर हात आवरावा, कारण वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

शेवटी कमिटीने लहान पेट्रोल गाडी घेतली, तीही तीन वर्षे वापरलेली, म्हणजे तिच्या घडणीचे ओझे नव्याने पडले नाही. लग्नकार्याला मोठी गाडी भाड्याने आणावयाची. खरा वाद झाला तो जीपवरून. विकली तर एक लाख वीस हजार येत होते. एका माणसाने आगाऊ रक्कमही पुढे केली होती. मान्यताप्राप्त भंगार केंद्रात मोडावयास दिली तर चाळीस हजारांच्या आसपास. आम्ही कठड्याचा मुद्दा मांडला : विकली तर तोच धूर दुसऱ्या गावच्या घाटात निघेल, आपल्या धाब्यावरून पडणारा फक्त आपल्याला दिसणार नाही. यावर आमचे स्नेही उभे राहिले आणि म्हणाले, "ऐंशी हजार म्हणजे काय हे तुम्हांला माहीत आहे काय? सीमेपलीकडच्या प्रार्थनामंदिराचे छप्पर त्यात होते." ते बरोबर बोलत होते. त्या छपराच्या गळतीखाली बसून आम्हीच संदेश दिला आहे. विकत घेणारा गृहस्थही चैनीसाठी घेत नव्हता. त्याला भाजी बाजारात न्यावयाची होती. पाच विरुद्ध चार मतांनी जीप मोडीत गेली. आम्ही पाचांत होतो. आमचे मत आजही तेच आहे, परंतु छपराकडे पाहून ते मांडणे सोपे नाही, आणि ज्या वर्गात हा पाठ घ्याल तेथे ह्या प्रश्नावर मुलांना दोन्ही बाजूंनी बोलू द्यावे, शिक्षकाने उत्तर आधी सांगू नये.

गाडीत समोरच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, आणि चौथा रकाना किती माणसे. हा रकाना मावशींच्या प्रश्नासाठी. पहिल्या महिन्यात गाडीने लिटरला साडेसतरा दिले. सहाशे चाळीस किलोमीटर झाले, एकोणीस फेऱ्या. बहुतेक फेऱ्यांत तीन किंवा चार माणसे होती. एकदा बेळगावच्या दवाखान्यात मावशींनाच नेले, कारण त्या दिवशी त्यांना बसच्या पायऱ्या चढवेनात. दोन फेऱ्यांपुढे 'एक' लिहिलेले आहे. त्या दोन्ही आमच्या होत्या, आणि दोन्ही वेळा संकेश्वरची बस दहा मिनिटांनी येणार होती.